पावसात मिळालेल्या चांदण्या

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. आमच्या मुलांच्या घरात मराठी, शेतात मराठी, भांडणातसुद्धा मराठीच. पण बसची पाटी कन्नडात, शेताचा उतारा कन्नडात. म्हणून कन्नडचा तास मी कधी उरकून टाकत नाही.

या तासाला आमची मुलं एका जागी हमखास अडतात. कन्नडात ‘ए’ दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब. आखूड ‘बेळे’ म्हणजे पीक, लांब ‘बेऽळे’ म्हणजे डाळ. तसंच ‘कोडु’ म्हणजे दे आणि ‘कोऽडु’ म्हणजे शिंग. आपल्या लिहिण्यात हा फरक नाही, त्यामुळे कानालाही तो सहज लागत नाही. यासाठी मी वर्गातल्या दोन टॅबवर एक प्रश्नमंजुषा बनवली होती. शब्द ऐकायचा, चारपैकी बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. बरोबर आलं की चांदणी चमकायची. चुकलं तर काही नाही, पुन्हा प्रयत्न.

चौथीतल्या एका मुलाच्या नावावर सगळ्यात जास्त चांदण्या जमल्या होत्या. एरवी हा मुलगा तोंड उघडत नसे. मला फार आनंद झाला होता, त्याच्या आईलाही मी बोलावून सांगितलं होतं.

जुलैतल्या त्या सकाळी पत्र्यावर असा पाऊस कोसळत होता की शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकू येईना. “टीचर, शब्दच ऐकायला येत नाही,” म्हणत बाकीच्या मुलांनी टॅब खाली ठेवला. तो मात्र कोपऱ्यात बसून होता आणि त्याच्या चांदण्या वाढतच होत्या.

मी मागे जाऊन उभी राहिले. तो शब्द ऐकतच नव्हता. डावीकडून पहिलं चित्र, दुसरं, तिसरं, असं बोट फिरवायचा. चांदणी आली की पुढचा प्रश्न. हात इतका सरावलेला की एका प्रश्नाला दोन-तीन सेकंदही लागत नव्हते.

“ऐकत का नाहीस रे?”

“नको लागत टीचर. दाबत गेलं की येतंय की चांदणी.”

त्याच्या आवाजात लबाडी अजिबात नव्हती. मला मात्र तिथेच खाली बसावंसं वाटलं. डी.एड.ला थॉर्नडाइकची मांजरं आणि स्किनरची कबुतरं, म्हणजे या दोन मानसशास्त्रज्ञांचे शिकण्यावरचे प्रयोग, मी पानं भरभरून लिहिली होती. ज्या कृतीमागोमाग बक्षीस मिळतं, ती कृती पक्की होते. इथे बक्षीस ऐकण्याला मिळतच नव्हतं, ते दाबत राहण्याला मिळत होतं. मुलगा चुकला नव्हता. मी जे पक्कं केलं, तेच तो मनापासून शिकला होता.

बक्षिसाने वागणं घडतं या विचाराला, म्हणजे वर्तनवादाला, ‘कुत्र्या-मांजरांचा सिद्धांत’ म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. १९५३ च्या नोव्हेंबरात स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसला. काही मुलांचं झालं होतं आणि ती रिकामी बसली होती, काही अडली होती, आणि आपलं बरोबर की चूक हे लगेच कुणालाच कळत नव्हतं. हे बघून त्याने शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. त्याच्या आधी, १९२० च्या दशकात, प्रेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बटणांचं यंत्र केलं होतं. त्यात बरोबर बटण दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येणार नाही अशी सोय होती. स्किनरचा आग्रह वेगळा होता: उत्तर मुलाने निवडायचं नाही, स्वतः तयार करायचं. माझ्या टॅबमध्ये मी नेमकं प्रेसीचं यंत्र बसवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत वीज गेली आणि टॅबही मान टाकायला लागले. मी जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, ब्लेडने त्यात बोटभर खिडकी कापली आणि मागून सरकेल अशी कागदाची पट्टी घातली. खिडकीत चित्र आणि अर्धा शब्द. मुलाने पाटीवर पूर्ण लिहायचं, मग पट्टी ओढून बरोबर उत्तर बघायचं. पहिल्या पायरीला फक्त एक खूण घालायची होती, ‘बे’ लांब करणारी, अक्षराच्या उजवीकडे बसणारी छोटीशी खूण. पायरी मी मुद्दाम इतकी लहान ठेवली की सहसा चुकू नये.

पावसाचा जोर ओसरला होता. मी त्याच्या कानाजवळ शब्द म्हटला, “बेऽळे.” त्याने पट्टी आधी ओढायला घेतली. मी हात धरला. “आधी लिही, बाळा.” तो गोंधळला, पुठ्ठा उलटा करून बघितला. “चांदणी कुठं आहे टीचर?”

“नाही यात. बरोबर आलं की तुलाच दिसेल.”

दोनदा चुकला. वर्ग आपापल्या पाटीत गुंतलेला, त्यामुळे हसायला कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने ओठ हलवत शब्द लांबवला, बोटाने बाकावर ठेका धरला, खूण काढली आणि पट्टी ओढली. पाटी आणि खिडकी, खिडकी आणि पाटी, असं किती वेळ बघत राहिला. मग मला न विचारता पुढची पट्टी ओढली.

दुसऱ्या दिवशी तो तूरडाळीची रिकामी पिशवी घडी घालून दप्तरातून घेऊन आला. ‘तोगरि बेऽळे’ या छापील अक्षरांवर त्याचं बोट फिरलं आणि त्या खुणेवर येऊन थांबलं. “हे बघा टीचर. आमच्या घरात पण आहे.”