आघाडी या शब्दाचे दोन अर्थ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले तेव्हा मला सर्वांत आधी आठवली ती नववीच्या सहामाहीची इतिहासाची उत्तरपत्रिका. पहिल्या महायुद्धातील परस्परविरोधी गटांची राष्ट्रे लिहा, या प्रश्नाच्या उत्तरात मी इटलीचे नाव दोन्ही रकान्यांत लिहिले होते. त्यामागे अभ्यास नव्हता, निव्वळ गोंधळ होता. कोठेतरी बरोबर येईलच असा हिशेब होता. सरांनी अर्धा गुण दिला आणि समासात लाल शाईने लिहिले, ‘केव्हा, ते लिहावे.’

पुढच्या तासाला त्यांनी तो ‘केव्हा’ उलगडून सांगितला. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा त्रिराष्ट्र करार १८८२ चा. त्याच्यासमोर फ्रान्स-रशिया मैत्री १८९४ ची, इंग्लंडचा फ्रान्सशी समझोता १९०४ चा आणि रशियाशी १९०७ चा. एवढे पाठ्यपुस्तकात होतेच. परंतु १८८२ चा करार बचावासाठी होता आणि २८ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रियाने सर्बियावर आपण होऊन युद्ध पुकारले होते, त्यामुळे मदतीला धावण्याचे बंधन आपल्यावर नाही, असे सांगून इटलीने तटस्थता पत्करली, हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. तटस्थ राहून इटलीने दोन्ही बाजूंशी घासाघीस केली आणि त्रिएस्त व तिरोलचा मुलूख देण्याचे वचन मिळताच २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांशी गुप्त करार केला. महिनाभरात इटली आपल्या जुन्या मित्राविरुद्धच, म्हणजे ऑस्ट्रियाविरुद्ध, युद्धात उतरली.

सर म्हणत, की आघाडी या शब्दाने मराठी माणसाची सोयही केली आहे आणि पंचाईतही. राष्ट्रे एकत्र येतात ती आघाडी, आणि सैन्य जेथे लढते तीही आघाडीच. लंडनच्या कागदावर पहिल्या अर्थाची आघाडी बदलली आणि आल्प्सच्या बाजूला इसोन्झो नदीच्या काठी दुसऱ्या अर्थाची उभी राहिली. त्या एका नदीसाठी पुढे बारा लढाया झाल्या.

वर्गातल्या युरोपच्या नकाशावर सरांनी टाचण्या टोचून त्यांना लोकरीचे धागे गुंडाळले होते. स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंतचा सुमारे ७०० किलोमीटरचा लाल धागा १९१४ च्या अखेरीस एकदा लावला, तो १९१८ उजाडेपर्यंत फारसा हलवावाच लागला नाही. पूर्वेकडचा निळा धागा मात्र आम्ही आळीपाळीने शेकडो किलोमीटर इकडेतिकडे सरकवीत असू, आणि मार्च १९१८ मध्ये रशियाने तह केल्यावर तो काढूनच टाकला. तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर इतकी कमी जागा होती, की तेथे धागा मावेना. एकच टाचणी लावून आम्ही पुढे गेलो.

शेवटचा धागा युरोपच्या नकाशात बसत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी सरांनी आशियाचा नकाशा शेजारी टांगला. इराणमधल्या अबादानच्या तेलाचे रक्षण हे एक कारण धरून इंग्रजांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कांच्या ताब्यातले, आजच्या इराकमधले बसरा घेतले, आणि त्यासाठी जे सैन्य गेले ती हिंदुस्थानी लष्कराची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठाकाठाने ही डिव्हिजन बगदादच्या जवळ पोहोचली, तेथून माघार घेत कुतला आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून नदीच्या वळणातल्या त्या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. रसद संपत आल्यावर घोड्याचे मांस वाटले जाऊ लागले, तेव्हा कित्येक हिंदी शिपायांनी ते खाण्यास नकार दिला. सर हे सांगताना थांबले होते, एवढे मला स्वच्छ आठवते. २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. त्यांतील पुष्कळ जण पुढच्या पायपिटीत व छावण्यांत मेले.

त्या वर्षीची सहल सरांनी शेजारच्या गावच्या चावडीपर्यंतच नेली, यावर आम्ही बरेच नाराज होतो. तिच्या भिंतीत, सातारा भागातल्या अनेक गावांत दिसते तशी, एक दगडी पाटी होती: या गावातून अमुक माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. नावे नव्हती, नुसते आकडे होते. युद्ध तर १९१८ ला संपले, मग पाटीवर १९१९ कसे, असे मी विचारले. नोव्हेंबर १९१८ ला झाली ती युद्धबंदी, तह व्हर्सायला २८ जून १९१९ रोजी झाला, असे सर म्हणाले; ज्यावरून युद्ध पेटले त्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या सारायेव्होतील खुनाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती.

चावडीवर बसलेल्या एका आजोबांनी सांगितले, की त्यांचे चुलते जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. मी शहाणपणाने म्हणालो, “आजोबा, बसऱ्याला जर्मन नव्हते, तुर्क होते.” सरांनी मला डोळ्यांनीच गप्प केले आणि तुर्कस्तान या युद्धात कसे आले ते सोमवारी लिहून आणण्यास सांगितले.

ते उत्तर लिहिताना कळले, की २ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात गुप्त करार झाला होता, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस रशियाच्या काळ्या समुद्रावरील बंदरांवर तोफा डागून तुर्कस्तानला युद्धात ओढणाऱ्या नौकांमध्ये तुर्की निशाण लावलेल्या दोन जर्मन युद्धनौका होत्या, त्यांवरचे खलाशीही जर्मनच होते. पुढच्याच आठवड्यात पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी बसऱ्याच्या वाटेवर फाव येथे उतरली. आजोबांचे ‘जर्मनची लढाई’ हे शब्द मी वहीत तसेच ठेवले, आणि या वेळी सरांनी समासात काहीही लिहिले नाही.