आमची गॅलरी आणि माझा अहवाल

जुन्या बांधकामांची संरचनात्मक तपासणी करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि आमच्या स्थानिक फुटबॉल क्लबचा समर्थक मी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. या दोन गोष्टी एकाच दिवशी एकमेकींसमोर उभ्या राहतील, असे मात्र कधी मनात आले नव्हते. वरच्या श्रेणीत परतण्याची संधी देणारा निर्णायक सामना तोंडावर आला होता, मैदान भरणार हे उघड होते, आणि जुन्या गॅलरीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याशिवाय सामन्याला परवानगी मिळणार नाही, असे संबंधित अधिकाऱ्यांनी क्लबला कळवले होते. कार्यकारिणीने ते काम आमच्या कार्यालयाकडे सोपवले. मी क्लबचा सभासद आहे आणि जिची तपासणी करायची त्याच गॅलरीत माझी नेहमीची जागा आहे, हे मी दोन्ही बाजूंना लेखी कळवले. तेव्हा क्लबशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्या अभियंत्यानेही अहवाल तपासून त्यावर स्वाक्षरी करावी, या अटीवर काम माझ्याकडे राहिले. चिटणीसांना ही अट बहुधा नुसती कागदोपत्री वाटली असावी, कारण फोनवर ते समाधानाने म्हणाले, "बरे झाले, आपलाच माणूस आहे."

ही गॅलरी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणे कठीण आहे. उंच पायऱ्यांची, मागच्या बाजूला कँटिलिव्हर, म्हणजे एकाच कडेला आधार असलेले, छप्पर असलेली, काही गाळ्यांत विभागलेली ती एक साधी काँक्रीटची रचना आहे, आणि तिच्यात पाहण्यासारखे काही नाही. पण स्थानिक क्लबचा समर्थक चांगला खेळ पाहायला मिळेल म्हणून मैदानावर जात नाही. चांगला खेळ घरबसल्या पडद्यावर केव्हाही पाहता येतो. संघ एकामागून एक श्रेणी खाली घसरत गेला, त्या काळात घोषणा द्यायलाही पुरेशी माणसे नसत, आणि पावसात छपराखाली जमलेले आम्ही मोजके लोक खेळाडूंपेक्षा एकमेकांनाच अधिक ओळखू लागलो होतो. नंतर संघ सावरला, गर्दी परतली, ढोल आले, आणि गॅलरी भरली की ती पायांखाली हलते, हा आमच्या अभिमानाचा विषय झाला. "गॅलरी हलली की सामना फिरतो," असे आम्ही नवख्यांना सांगत असू. मीही सांगितले आहे. ती हलते हे मला तपासणीआधीच माहीत होते; किती हलते, हे मोजण्याची वेळ मात्र प्रथमच आली होती.

सकाळी मी आणि माझी सहकारी अभियंता गॅलरीच्या खालच्या बाजूने सुरुवात केली. मैदानाची देखभाल करणाऱ्या काकांनी कुलूप काढून दिले. आत जुने झेंडे, फाटकी जाळी, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, रंगाचे अर्धवट डबे आणि पायऱ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षे खाली पडत राहिलेला कागदाचा कचरा होता. ज्याने ब्रॅडफर्डच्या दुर्घटनेविषयी वाचले आहे, त्याला असे दृश्य पाहून स्वस्थ राहता येत नाही. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधील व्हॅली परेड मैदानावर ब्रॅडफर्ड सिटीच्या समर्थकांनी तिसऱ्या श्रेणीच्या विजेतेपदाचा चषक पाहिला, सामना सुरू झाला, आणि मध्यंतराच्या आधीच लाकडी प्रेक्षागृहाखालच्या कचऱ्याने पेट घेतला. काही मिनिटांत छपरासह सगळे प्रेक्षागृह आगीत सापडले आणि ५६ जण मरण पावले. मागच्या बाजूची बरीच दारे बंद होती. त्या कचऱ्याचा धोका क्लबला आदल्याच वर्षी पत्राने कळवण्यात आला होता, आणि ते प्रेक्षागृह त्या मोसमानंतर सुधारायचेही ठरले होते. आमची गॅलरी काँक्रीटची आहे, लाकडाची नाही, हा फरक मोठा आहे. पण धुराला तो फरक कळत नाही. अडगळ त्याच दिवशी हलवायला घ्यावी, असे मी काकांना सांगितले, आणि कोणाच्या लेखी आदेशाची वाट न पाहता त्यांनी झेंडे बाहेर काढायला सुरुवातही केली.

खरी चिंता टोकाच्या दोन गाळ्यांत होती. तिथे छपराची पन्हळ फुटलेली होती आणि पाणी मागच्या खांबांवरून तुळयांच्या मुळाशी झिरपत होते. पायऱ्यांचा वरचा भाग तुळयांच्या ज्या टोकांवर बाहेर झेपावलेला आहे, त्या तुळयांवर सर्वाधिक ताण नेमका या मुळाशीच येतो. वरून सारे ठाकठीक दिसत होते, कारण क्लब दर मोसमाआधी गॅलरी रंगवतो. हातोडीने ठोकत गेल्यावर एका ठिकाणी खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तिथला पापुद्रा काढला, आणि रंगाचे थर एकाखाली एक उलगडत गेले. सहकारी छायाचित्रे घेत होती आणि मी तिला थर वाचून दाखवत होतो: हा गडद निळा पुरस्कर्ता बदलला तेव्हाचा, त्याखालचा फिका निळा शेवटचा चषक जिंकला त्या मोसमातला, आणि हा पांढरा, ज्या वर्षी निधीच नव्हता आणि समर्थकांनी स्वतः ब्रश हातात घेतले तेव्हाचा. त्या पांढऱ्या थरातून तांबूस रेघ वर आलेली होती. म्हणजे गंज तेव्हापासूनचा होता, आणि आम्ही सर्वांनी मिळून त्यावर प्रेमाने रंग फासला होता.

फोडलेल्या भागावर आम्ही फिनॉल्फथॅलीनचे द्रावण फवारले. ही चाचणी सोपी आहे. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते आणि या द्रावणाने गडद गुलाबी होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ती अल्कता संपवतो, आणि तेवढ्या खोलीपर्यंत रंग येत नाही. अल्कता आहे तोवर आतल्या सळ्यांवर संरक्षक थर टिकतो. ती गेली आणि पाणी मिळाले, की सळई गंजते, गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. मधल्या गाळ्यांत पृष्ठभागापासून थोड्याच अंतरावर गुलाबी रंग उमटला. टोकाच्या गाळ्यांत सळईपर्यंत काहीच उमटले नाही, आणि सळईचा व्यास जागोजागी उघड्या डोळ्यांना कळावा इतका झिजला होता.

त्यानंतर कंपनमापन झाले. पायऱ्यांवर ॲक्सेलरोमीटर, म्हणजे कंपन टिपणारे उपकरण, लावायचे, एका माणसाने टाचा उचलून एकदम खाली आपटायच्या, आणि त्या धक्क्यानंतर रचना स्वतःच्या गतीने सेकंदाला किती वेळा थरथरते ते नोंदवायचे, अशी ही पद्धत आहे. टोकाच्या गाळ्यांची उभ्या दिशेतील नैसर्गिक वारंवारता चार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार कंपनांच्या, आसपास निघाली. सहकारीने विचारले, "तुमच्या घोषणेचा ठेका किती असतो?" तिने जुन्या सामन्याची ध्वनिचित्रफीत लावून मोजले: सेकंदाला साधारण दोन उड्या. ऐकणाऱ्याला वाटेल की दोन आणि चार यांत पुष्कळ अंतर आहे. पण उडी मारणारा माणूस काही क्षण हवेत असतो आणि उरलेल्या क्षणांत स्वतःच्या वजनापेक्षा पुष्कळ अधिक जोर खाली देतो. त्यामुळे सेकंदाला दोन ठोक्यांच्या त्या भारात सेकंदाला चार आणि सहा ठोक्यांचे घटकही दडलेले असतात. आमची सर्वांत लाडकी घोषणा गॅलरीच्या सर्वांत दुबळ्या भागाला नेमकी त्याच्या स्वतःच्या गतीने हलवत होती. ज्याला आम्ही इतकी वर्षे संघाचा जोश म्हणत आलो, त्याचा आलेख सहकारीच्या पडद्यावर होता, आणि तो पाहताना खरे सांगायचे तर मला थोडा अभिमानही वाटला.

ही केवळ कागदावरची भीती नव्हती. १७ ऑक्टोबर २०२१ रोजी नेदरलँड्समधील नायमेखन येथे विजयानंतर पाहुण्या संघाचे समर्थक एका तालात उड्या मारत असताना त्यांच्या पायांखालचा काँक्रीटचा भाग खचला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. २५ नोव्हेंबर २००७ रोजी ब्राझीलमधील साल्वादोरच्या फोन्ते नोवा मैदानावर एवढे दैव नव्हते. बाहिया क्लब वरच्या श्रेणीत परतत होता, समर्थक जल्लोष करत होते, आणि वरच्या मजल्याचा एक जीर्ण भाग कोसळून सात जण मरण पावले. तो सामनाही श्रेणीत परतण्याचाच होता, ही गोष्ट मी संध्याकाळच्या बैठकीत मुद्दाम सांगितली.

त्या बैठकीआधी जिन्यांचा हिशेब करायचा राहिला होता. गॅलरीला दोन जिने आहेत, त्यांपैकी एक विनातिकीट शिरणाऱ्यांमुळे कायमचा बंद केलेला होता. उरलेला जिना १.२ मीटर रुंद. ब्रिटनमध्ये १९७३ पासून वापरात असलेली क्रीडांगण-सुरक्षेची मार्गदर्शिका, जिला 'ग्रीन गाइड' म्हणतात, जिन्यावरून मिनिटाला एका मीटर रुंदीतून ६६ माणसे धरते आणि बाहेर पडण्यास फार तर आठ मिनिटे देते. म्हणजे त्या एका जिन्याची मर्यादा सुमारे ६३० माणसे. आम्ही तिथे किती जण उभे राहत होतो, ते न लिहिलेलेच बरे. त्या मार्गदर्शिकेच्या मुळाशी ग्लासगोतील आयब्रॉक्स मैदानाचा जिना आहे, जिथे २ जानेवारी १९७१ रोजी सामना संपल्यावर बाहेर पडणाऱ्या गर्दीत ६६ जण चेंगरून मेले. शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल झाला म्हणून लोक माघारी वळले आणि गर्दीवर गर्दी आदळली, अशी कथा समर्थकांत पुष्कळ काळ सांगितली गेली. चौकशीत मात्र सर्व जण एकाच दिशेने, खाली, जात होते असे आढळले. समर्थकांना दुर्घटनेतही गोल हवा असतो. कारण मात्र जिना आणि गर्दी एवढेच होते.

संध्याकाळी कार्यकारिणीसमोर मी निष्कर्ष मांडले: टोकाचे दोन गाळे तत्काळ बंद, खालून टेकू, मधल्या गाळ्यांत फक्त बसलेले प्रेक्षक आणि तेही मर्यादित, दुसरा जिना उघडून प्रत्येक दारावर किल्लीसह माणूस. खजिनदारांनी शांतपणे सांगितले की या सामन्याच्या उत्पन्नावर खेळाडूंची थकबाकी अवलंबून आहे. ते खोटे बोलत नव्हते. ढोलपथकाचा प्रमुख, जो माझ्या शेजारी अनेक मोसम उभा राहिला आहे, टेबलावर झुकून म्हणाला, "अरे, तू आपल्यातला ना? इतकी वर्षे काही झाले नाही, मग याच सामन्याला कसे होईल?"

"इतकी वर्षे सळई आजच्याइतकी झिजलेली नव्हती," मी म्हणालो.

"मग आम्ही उड्या मारायच्या नाहीत का?"

या प्रश्नावर मी दिवसभर विचार केला होता. गर्दीला उड्या मारू नका असे सांगणारी सूचना लावणे म्हणजे कागद वाया घालवणे. गोल झाल्यावर मीदेखील ती पाळणार नाही. म्हणून मी त्यांना गोलपोस्टमागचा मातीचा बांध सुचवला. भरावाची जमीन अशा तालाला दाद देत नाही, तिथून बाहेर पडायला रुंद मोकळी वाट आहे, आणि ढोल तिथे गेले की मागोमाग उड्या मारणारी गर्दीही जाईल. फक्त डोक्यावर छप्पर नव्हते आणि मैदानाचा अर्धा भाग तिथून नीट दिसत नाही. बराच वाद झाला. शेवटी अध्यक्षांनी विचारले की अहवालातले शब्द थोडे सौम्य करता येतील का. मी दुसऱ्या अभियंत्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो फिरवला नाही. आहे तोच अहवाल रात्री अधिकाऱ्यांकडे गेला.

सामना ठरल्या दिवशी झाला. ढोल बांधावर होते, बंद गाळ्यांसमोर पत्रे ठोकलेले होते, आणि मी दुसऱ्या जिन्याच्या दारापाशी काकांबरोबर होतो, त्यामुळे पहिल्या सत्रातला बराचसा खेळ मला आवाजावरूनच कळला. आम्हाला विजय हवा होता, सामना बरोबरीत सुटला, आणि वरची श्रेणी हुकली. गॅलरी भरली असती तर गोल झाला असता, असे सांगणारे लोक आजही भेटतात. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे हे सिद्ध करण्याचे कोणतेही उपकरण माझ्याकडे नाही, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही कदाचित तेच म्हटले असते. काहींनी काही काळ बोलणे टाकले. पुढे टोकाचे गाळे पाडताना मुळाशी सळ्या सुटून हातात येऊ लागल्या, तेव्हा त्यांतले बरेच जण ते पाहायला आले होते. त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि मीही विषय काढला नाही.

नव्या गाळ्यांचा आराखडा वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडला गेला, तेव्हा पहिला प्रश्न ढोलपथकाच्या प्रमुखानेच विचारला. "वारंवारता किती धरली आहे?"

"उभ्या दिशेने सहा हर्ट्झपेक्षा कमी चालणार नाही, अशी अट निविदेत घातली आहे."

"म्हणजे उड्या मारता येतील?"

"येतील. मात्र जिने दोन्ही उघडे राहतील."

त्याने ठरावाला अनुमोदन दिले, आणि खजिनदारांनी निधीचा विषय पुकारला, ज्यावर सभा मध्यरात्रीपर्यंत चालली.