बाप्तिस्म्यानंतरचे अठरा आठवडे

बाप्तिस्मा झाला, फोटो निघाले, मंडळीच्या यादीत नाव चढलं. पुढे त्या नव्या विश्वासणाऱ्याकडे कोण बघतं? बहुतेक ठिकाणी सगळा भार रविवारच्या संदेशावर असतो. संदेश हवाच, पण भरलेल्या मंडळीत कुणी हात वर करून आपली शंका विचारत नाही. येशूने बारा शिष्यांना नेमलं ते आधी त्यांनी आपल्याबरोबर असावं म्हणून, आणि मग पाठवण्यासाठी (मार्क 3:14). हा क्रम आपण उलटा करतो आणि तिथेच माणसं गळतात.

एका वेळी एकाच माणसाबरोबर बसा आणि मार्कचं शुभवर्तमान वाचा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्याय, आणि घटना भराभर पुढे सरकतात. आठवड्याला एक अध्याय घ्या. फक्त 6वा (56 वचनं) आणि 14वा (72 वचनं) दोन-दोन बैठकांत वाचा. असे अठरा आठवडे होतात. दिवस आणि वेळ ठरलेली, बैठक तासाभराची. बाईबरोबर बाईने आणि पुरुषाबरोबर पुरुषाने बसावं. दोघांकडे पवित्र शास्त्राची एकच आवृत्ती असू द्या, नाहीतर ‘माझ्यात वेगळं लिहिलंय’ यातच वेळ जातो. ज्याला वाचताना अडखळायला होतं त्याला मोबाइलवर अध्याय ऐकवा.

सुरुवातीला मागच्या आठवड्याची विचारपूस, मग आळीपाळीने मोठ्याने वाचन, आणि नंतर तीनच प्रश्न. येशू इथे काय करतो, काय बोलतो? तुला यातलं काय कळत नाही किंवा पटत नाही? या आठवड्यात तू काय करशील? मधला प्रश्न गाळू नका. तो गाळला की समोरचा प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो आणि त्याची शंका घरी तशीच राहते. उत्तर येत नसेल तर ‘पुढच्या वेळी बघून सांगतो’ म्हणा आणि खरंच बघून या. सोळाव्या अध्यायात 9व्या वचनापासूनचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा. लपवलेलं पुढे इंटरनेटवर सापडलं, तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही भरवसा जातो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून घ्या. अकराव्या अध्यायातलं क्षमेचं वचन वाचून ‘मी सगळ्यांना माफ करीन’ असं कुणी म्हणालं, तर त्यातून काहीच घडत नाही. ‘शनिवारी संध्याकाळी थोरल्या भावाला फोन करीन’ हे करता येतं आणि झालं की नाही ते विचारताही येतं. झालं नसेल तर रागावू नका. कशामुळे अडलं ते विचारा. खरं बोलणं बहुधा तिथून सुरू होतं.

आठव्या अध्यायात घाई नको. बेथसैदातल्या आंधळ्यावर येशू हात ठेवतो, तेव्हा त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात. पुन्हा हात ठेवल्यावर स्वच्छ दिसतं. पुढे येशूचा शिष्य पेत्र ‘तू ख्रिस्त आहेस’ म्हणतो आणि तीनच वचनांनी, दुःखसहनाचं ऐकून, येशूलाच दटावू लागतो. हे दोन प्रसंग लागोपाठ वाचा आणि गप्प बसा. अर्धवट दिसत असतानाही प्रभू हात सोडत नाही, हे समोरच्याला त्याचं त्याला उमगू द्या. तुम्ही समजावून सांगितलंत तर ते तुमचं राहील.

प्रार्थना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्यालाच करू द्या : एक वाक्य उपकाराचं, एक कबुलीचं, एक मागण्याचं. पाळकांसारखी लांबलचक प्रार्थना जमत नाही म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षं तोंडच उघडत नाहीत.

सर्वांत मोठं नुकसान मात्र गप्पांनी होतं. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगतोय’ असं म्हणत बुधवारच्या प्रार्थनासभेत पोचली, की तो माणूस पुन्हा कुणापुढे मन उघडत नाही. जिवाला धोका किंवा मारहाण असेल तर मदत मिळवावीच लागते, पण तेही त्याला सांगून.

घरचे अजून विश्वासात नसतील तर त्यांना ओढायची घाई करायला लावू नका. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर! तेवढा काळ प्रेमाने वागणं हीच साक्ष. लगेच व्यासपीठावर साक्ष द्यायला उभं करणंही टाळा. टाळ्या पडल्या की शंका बोलून दाखवणं अवघड होतं.

मधेच कुणी यायचं बंद झालं तर दोन आठवड्यांच्या आत घरी जाऊन भेटा, वही न घेता. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर प्रचाराला निघालेला योहान मार्क वाटेत पिर्गाहून परत फिरला होता (प्रेषितांची कृत्ये 13:13), आणि पौलाने त्याला पुन्हा बरोबर घ्यायचं नाकारलं. बर्णबाने मात्र घेतलं. पुढे त्याच पौलाने तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून त्याला बोलावून घेतलं (2 तीमथ्य 4:11).

अठरा आठवडे झाले की त्याने स्वतःच्या ओळखीतला एक माणूस निवडावा आणि पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरुवात करावी. पहिल्या दोन बैठकांना तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. तिसरीपासून जाऊ नका. त्याला अडलं तर तो फोन करेल.