ऑक्टोबरची हवा, अठ्ठावन्नावे वर्ष आणि सिंहगडचा चढ: या हंगामाची नोंद

पाऊस ओसरला की पुण्याभोवतीची गवते तुऱ्यावर येतात, रस्त्याकडेचे गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि कोरडी पडत चाललेली हवा त्यांचे परागकण दूरवर नेते. (1950च्या दशकात भारतात या गाजरगवताची दखल घेतली गेली तीही पुण्यातच.) ज्यांना ॲलर्जीची सर्दी आहे आणि ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, अशा सायकलस्वारांसाठी ही नोंद आहे.

गोळेवाडीपासून सिंहगडच्या वाहनतळापर्यंतचा चढ हे माझे नेहमीचे मोजमाप. पेडलवर पडणारी ताकद वॅटमध्ये मोजणाऱ्या पॉवर मीटरवर तेवढेच वॅट ठेवले, तरी या दिवसांत हृदयाचे ठोके पावसाळ्यातल्यापेक्षा सहा-सात जास्त पडतात आणि शेवटच्या तीव्र वळणांवर जोर वाढवायला जागाच उरत नाही. खडकवासल्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर मात्र फरक जवळजवळ जाणवत नाही. चाळिशीत हीच सर्दी होती, नाकही इतकेच बंद असायचे. पण चढाची वेळ फारशी ढळत नसे.

याचे कारण मला राखीव क्षमतेत दिसते. विश्रांतीच्या वेळी आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, तर खड्या चढावर तीच गरज ऐंशी-शंभर लिटरपर्यंत जाते; तेव्हा तोंड उघडावेच लागते आणि नाकात अडकणारी धूळ व पराग थेट श्वासनलिकेत उतरतात. त्यातच प्रौढ वयात पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा दरवर्षी साधारण 25 ते 30 मिलिलिटरने घटत जाते आणि हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही खाली येते. तरुण शरीर ॲलर्जीचा भार ज्या शिलकीतून उचलते, ती शिल्लकच आता कमी असते. नाक चोंदल्याने मोडलेली झोप हा दुसरा घाव, आणि माझ्या मते तोच अधिक खोल आहे, कारण या वयात थकवा भरून यायला आधीच वेळ लागतो.

औषधांबाबत वयानुसार फार सावध राहावे. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि घाम कमी येऊ शकतो. ऑक्टोबरच्या उन्हात हे धोक्याचे आहे. नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब वाढू शकतो, तर रक्तदाबासाठीच्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी श्वासनलिका आकसू शकते. म्हणून गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा. मी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे घेतो. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून तो गवत फुलण्याआधीच सुरू केलेला बरा. घरी परतल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने जलनेती करतो आणि लगेच कपडे बदलतो.

यंदा भर पडली ती पीक फ्लो मीटरची, म्हणजे जोराने फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते हे मोजणाऱ्या छोट्या उपकरणाची. निघण्यापूर्वी एकदा आणि चढ संपल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. श्रमामुळे श्वासनलिका आकसते ती बहुधा थांबल्यानंतरच्या पाच ते पंधरा मिनिटांत. वाचन सलग दहा-पंधरा टक्क्यांनी उतरत असेल, तर ती केवळ सर्दी नव्हे. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री (फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी) करून घ्यावी. माझे वाचन अजून त्या मर्यादेच्या आत आहे. मात्र चढावर छाती भरून येणे किंवा अनपेक्षित धाप लागणे याला ॲलर्जी म्हणून कोणीही सोडून देऊ नये. या वयात हृदयाची तपासणी आधी.

वय आणि हंगाम यांची गल्लत होऊ नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑक्टोबरची वेळ ऑगस्टच्या वेळेशी ताडून आपण म्हातारे झालो असे ठरवणारे सोबती मी पाहतो आणि मला मनापासून वाईट वाटते. ऑक्टोबरची तुलना मागच्या ऑक्टोबरशीच करावी. तशी तुलना केली, तर माझी घट थोडी आहे आणि स्थिर आहे.

तीव्र इंटरव्हल (थोड्या वेळाचे जोरदार टप्पे आणि मध्ये विसावा) आता डिसेंबरवर ढकलले आहेत. तोवर लांब, संथ अंतरे. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीला) साडेतेरा तास मिळतात आणि तो वेग बंद नाकालाही झेपतो. वावळाची झाडे फुलू लागली की पीक फ्लोची वाचने पुन्हा रोज घेईन, म्हणजे गवताचा त्रास अधिक की झाडांचा, हे वेगळे काढता येईल.