तिसऱ्या स्क्रीनची वाट

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आणि छापायला जाण्याआधीची प्रुफंही स्वतःच वाचते. चौदा इंची लॅपटॉपवर मूळ मजकूर आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी लावला की दोन्हींची ओळ चार-पाच शब्दांत मोडते. वाक्याचा तोल बघायचा तर वाक्य सलग दिसायला हवं. म्हणून चार वर्षांपूर्वी एचडीएमआयच्या केबलनं चोवीस इंची मॉनिटर जोडला. केबल लावली, चित्र आलं, संपलं. मग गेल्या पावसाळ्यात प्रुफाच्या पानासाठी दुसरा मॉनिटर आणला आणि तो सुरू व्हायला अकरा दिवस लागले.

लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक एकच. पुण्याला गेले होते तेव्हा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका दुकानात विचारलं. ‘ताई, एक पोर्ट आणि दोन मॉनिटर ना? स्प्लिटर घ्या,’ म्हणून त्यांनी एक डबी दिली. साताऱ्याला येऊन जोडली, तर दोन्ही मॉनिटरवर तेच चित्र. सेटिंगमध्ये ‘एक्स्टेंड’ निवडून पाहिलं, तरी लॅपटॉपला बाहेर एकच मॉनिटर दिसत होता. स्प्लिटरचं कामच ते आहे. एका नळाला दोन तोट्या लावल्या तरी पाणी एकच. सभागृहात दोन टीव्हींवर एकच कार्यक्रम दाखवायला तो उत्तम, माझ्या कामाला निरुपयोगी.

लॅपटॉपला यूएसबी-सीचा पोर्टही होता. मग यूएसबी-सी ते एचडीएमआय असा अडॅप्टर मागवला. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. केबल बदलली, मॉनिटर बदलला, ड्रायव्हर नव्यानं टाकले. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी माझ्या मॉडेलचं तांत्रिक माहितीपत्रक उघडलं, तिथे त्या पोर्टपुढे ‘फक्त डेटा’ असं स्वच्छ लिहिलं होतं.

हे मला आधी कळायला हवं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. यूएसबी-सी हा नुसता आकार आहे. त्यातून चित्र बाहेर यायचं तर त्या पोर्टला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, म्हणजे डेटाच्याच वाटेनं चित्र पाठवण्याची सोय लागते, आणि ती असते किंवा नसते. नंतर कुठलाही ड्रायव्हर टाकून ती आणता येत नाही. बऱ्याच लॅपटॉपवर पोर्टशेजारी खूण असते: डी आणि पी अक्षरं गुंफलेली खूण किंवा थंडरबोल्ट या जलद जोडणीची विजेची खूण असेल तर चित्र येतं. माझ्याकडे यूएसबीचं नुसतं त्रिशूळ होतं. माझ्या आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एका वेळी तीन स्क्रीन चालवता येतात. ताकद होती, तिसऱ्या चित्राला बाहेर पडायला वाट नव्हती.

वाट मिळाली डिस्प्लेलिंकच्या अडॅप्टरनं. यात लॅपटॉप चित्र दाबून लहान करतो, यूएसबीतून साध्या डेटासारखं पाठवतो आणि अडॅप्टरमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. पोर्ट ‘फक्त डेटा’ असला तरी चालतं. अडॅप्टरला मॉनिटरच्या जवळजवळ निम्मी किंमत मोजावी लागली आणि प्रोसेसरवर थोडा भार येतो, पण मजकुराच्या कामाला तो जाणवत नाही. आधी मी तो जुन्या यूएसबी २.० हबमध्ये लावला होता, तेव्हा माउसचा बाण अडखळत चालायचा. निळ्या पट्टीच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट लावला आणि बाण सरळ चालू लागला.

तिन्ही स्क्रीन उजळल्या. मला वाटत होतं काम झालं, पण मजकूर वाचण्याचा खरा भाग इथून सुरू झाला. चोवीस इंची मॉनिटर आडवा असताना त्याची दिसणारी उंची सुमारे २९.९ सेंटिमीटर, आणि ए-फोर पानाची २९.७. वरची पट्टी आणि खालचा टास्कबार धरला की पान खऱ्या आकारात मावत नाही. उभा केला की मावतं आणि खाली शब्दकोशाला जागाही उरते. मॉनिटरचा स्टँड फिरणारा नव्हता, पण पाठीमागे १०० मिलिमीटर अंतरावरची चार भोकं होती. त्यांना बसणारा आर्म टेबलाच्या कडेला आवळला आणि सेटिंगमध्ये ‘पोर्ट्रेट’ केलं. पहिल्यांदा जुना मॉनिटर उभा केला होता. त्याचं पॅनेल टीएन प्रकारचं, म्हणजे बघण्याचा कोन बदलला की उजळपणा बदलणारं, त्यामुळे पानाची डावी बाजू उजळ आणि उजवी मळकट दिसायची. नवा आयपीएस प्रकारचा होता, कुठूनही जवळजवळ सारखाच दिसणारा, तो उभा केला.

उभ्या स्क्रीनवर मात्रांच्या कडांना लाल-निळी झाक येत होती. विंडोजचं क्लिअरटाइप लाल-हिरवे-निळे ठिपके शेजारी शेजारी आहेत असं धरून अक्षर गुळगुळीत करतं. स्क्रीन उभी केली की ते ठिपके एकावर एक येतात. त्या मॉनिटरसाठी क्लिअरटाइपची जुळणी पुन्हा केली, पान १२० टक्क्यांवर नेलं. आता अनुस्वार आणि शाईचा डाग यांत गल्लत होत नाही, आणि प्रुफं वाचणाऱ्याला ते किती महत्त्वाचं आहे हे वेगळं सांगायला नको.

माउस एका कडेला अडायचा, तेही सांगते. उभी स्क्रीन १९२० पिक्सेल उंच, शेजारची १०८०. खालची कड जुळवली तर वरच्या ८४० पिक्सेलच्या पट्ट्यातून पलीकडे जायला रस्ताच नसतो. सेटिंगमधले चौकोन माझ्या नजरेच्या उंचीप्रमाणे वरखाली सरकवले. विंडोज आणि शिफ्ट धरून बाणाची कळ दाबली की विंडो पुढच्या मॉनिटरवर उडी मारते. ही सवय लागल्यावर माउसची गरजच कमी झाली.

दिवाळीत भाच्याचा फोन आला. ‘मावशी, मला दोन मॉनिटर लावायचेत, मी कुठलं हब घेऊ?’ मी म्हटलं, काही घेऊ नकोस, आधी पोर्टचा फोटो पाठव. फोटो आला २०२० च्या, एम-वन चिपच्या मॅकबुक एअरचा: दोन पोर्ट, दोन्ही थंडरबोल्टचे. पण त्या चिपला बाहेरचा एकच मॉनिटर चालवता येतो, झाकण बंद केलं तरी. माझ्याकडे ताकद होती आणि वाट नव्हती, त्याच्याकडे वाटा दोन आणि ताकद एकीची. त्यालाही तोच अडॅप्टर सुचवला आणि सांगितलं, मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागेल, ती दे, नाहीतर काळी स्क्रीनच दिसेल. रात्री त्यानं टेबलाचा फोटो पाठवला. दुसरा मॉनिटर त्यानंही उभाच लावला होता.