पंच नऊ, गिरक्या एकसारख्या

२००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये, जोडीच्या सुवर्णपदकावरून वाद पेटला आणि कमाल ६.० गुणांची जुनी पद्धत गेली. आता प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेले मूळ गुण असतात. ती किती चांगली झाली, त्यावर नऊ पंच -५ ते +५ देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वगळून उरलेल्या सातांची सरासरी धरतात. एकट्या पंचाची लबाडी त्यात बोथट होते. तिघांचं संगनमत असेल, तर तेवढी नाही.

खरी गोची कलेची आहे. गिरकीची चौथी, म्हणजे सर्वांत वरची, पातळी गाठायला ठरावीक करामती लागतात, उदाहरणार्थ एकाच स्थितीत सलग आठ फेरे. सुरावट पुढे सरकली तरी स्केटर आपले फेरे मोजतोय! उलट, फ्रान्सच्या सूर्या बोनालीने १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये बंदी असलेली मागची कोलांटी मारली, तीही एका पायावर उतरून. गुण कापले गेले. बंदी उठली २०२४मध्ये.