टाचेवरचा डाग

डाव्या टाचेवर मसुराएवढा काळपट डाग होता. घराजवळच्या डॉक्टरांनी कुरूप म्हणून कॉर्न कॅप दिली. कॅप निघाली, डाग मात्र एका बाजूने पसरत गेला. माझी भावजय नर्स. ती म्हणाली, "ताई, कुरूप असं रंग बदलत नाही. स्किनवाल्यांना दाखवून या."

दादरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावला. तळपायाच्या रेषांमध्ये खाचा आणि उंचवटे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत उतरतो. माझा उंचवट्यांवर होता. लगेच बायोप्सी. रिपोर्ट आला, ॲक्रल मेलानोमा. म्हणजे हातापायांवर होणारा त्वचेचा कॅन्सर. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलानोमा झालाच, तर बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला तो यानेच. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून.

मग परळला टाटा. बाहेरच्या लॅबमधले बायोप्सीच्या तुकड्याचे स्लाइड आणि मेणातले ब्लॉक सोबत न्या, तिथे पुन्हा तपासतात. रिपोर्टमध्ये मी आधी एकच ओळ शोधायला शिकले: ब्रेस्लो थिकनेस. माझी १.४ मिलिमीटर. म्हणजे गाठ त्वचेत किती खोल गेली; त्यावरून आजूबाजूची किती कातडी काढायची ते ठरतं. १ मिलिमीटरपर्यंत साधारण १ सेंटिमीटर, २ च्या वर २ सेंटिमीटर, मी मधली. शिवाय कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोहोचतो, ती जांघेतली पहिली लसिकाग्रंथी तपासायला निळा रंग टोचतात. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट झाली आणि मी घाबरून सिस्टरला हाक मारली. त्या हसल्या.

टाचेवर मांडीची कातडी लावली. टाचेपेक्षा मांडीच जास्त दुखली! खरी परीक्षा घरी. पाय टेकायचा नाही आणि आमच्या लालबागच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. कमोडची खुर्ची भाड्याने आणली. ऑपरेशनआधीच आणा.

ग्रंथी स्वच्छ निघाली, म्हणून लाखांच्या इम्युनोथेरपीची (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) वेळ आली नाही. आता तपासण्या ठरलेल्या, आणि जांघ स्वतः चाचपते.

सगळे सनस्क्रीनचं विचारतात. उन्हात काम असेल तर लावा, पण तळपायाच्या या प्रकारात उन्हाचा फारसा हात नाही. बोटांच्या बेचक्या, नखं बघा. नखावरची काळी रेघ रुंदावली किंवा कडेच्या कातडीवर उतरली, तर थांबू नका. शेजारच्या काकू परवा घाबऱ्याघुबऱ्या तळवा दाखवायला आल्या. पावसात भिजलेल्या नव्या चपलेचा रंग होता. आधी साबणाने धुऊन बघा, मग मला दाखवा.